निवृत्तीचा हिशेब नव्वदीपर्यंत कसा मांडायचा: टप्पे, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

फंड, ग्रॅच्युइटी आणि रजेचे पैसे खात्यात जमा झाल्यावर पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत जे निर्णय होतात, ते पुढची तीस वर्षं निस्तरावे लागतात. बहुतेक घरांत क्रम ठरलेला असतो. आधी मुलाच्या फ्लॅटला हातभार, मग बँकेतल्या ओळखीच्या माणसाने गळ्यात घातलेली पॉलिसी, उरलेल्याची एफडी. आरोग्य विम्याचा विचार सुरू होतो तो पहिल्यांदा दवाखान्यात ॲडमिट व्हावं लागल्यावर. यातली एकेक गोष्ट वेगळी पाहिली तर चूक नसेलही. क्रम मात्र पूर्ण उलटा आहे.

हा क्रम जुन्या आयुष्याला बेतलेला आहे. साठीला निवृत्ती, सत्तरी-पंचाहत्तरीला शेवट, मध्ये एखादं मोठं आजारपण. आता तसं राहिलेलं नाही. पूर्वी हृदयविकाराचा पहिला जोराचा झटका बहुधा शेवटचाच ठरायचा. आज ॲंजिओप्लास्टी होते, माणूस चार-पाच दिवसांत घरी येतो आणि पुढे पंधरा-वीस वर्षं गोळ्या घेत चांगला जगतो. मधुमेह, किडनी, कित्येक प्रकारचे कॅन्सर यांचंही तसंच. आजार बरा होतो किंवा आटोक्यात राहतो, पण त्याचा खर्च दर महिन्याच्या यादीत कायमचा येऊन बसतो. वाढलेलं आयुष्य हवंच आहे. त्याचा हिशेब मात्र नव्याने मांडायला हवा.

पूर्ण लेखासाठी एकच घर डोळ्यांसमोर ठेवू. नाशिकमधलं जोडपं. नवरा ६० वर्षांचा, खासगी कंपनीतून निवृत्त. बायको ५५ वर्षांची, गृहिणी. राहतं घर स्वतःचं. महिन्याचा खर्च ४५,००० रुपये, कर्मचारी पेन्शन योजनेची (ईपीएस) पेन्शन ६,००० रुपये, हातात एकूण १ कोटी २० लाख. तुमचे आकडे वेगळे असतील, पद्धत तीच.

## टप्पा ०: एकही रुपया हलवण्याआधी

पैसे आले की ते बचत खात्यातून थोड्या दिवसांच्या एफडीत टाका आणि दोन-तीन महिने कुठलाही मोठा निर्णय घेऊ नका. बाकी सगळं सोपं जावं म्हणून हा अवधी. या काळात नवरा-बायको दोघांनी एकत्र बसून एका वहीत पुढच्या गोष्टी लिहून काढा:

- प्रत्येक बँक खातं, ठेव, पोस्टाचं पुस्तक, म्युच्युअल फंड, शेअर, विमा. कुणाच्या नावे, दुसरं नाव कुणाचं, नॉमिनी कोण.
- आरोग्य विम्याची पूर्ण पॉलिसी. कार्ड किंवा पहिलं पान पुरेसं नाही, आतल्या अटींची पानं हवीत.
- दोघांच्या चालू औषधांची यादी आणि गेल्या बारा महिन्यांची औषधांची बिलं.
- दोघांच्या आई-वडिलांचं आयुष्य आणि घरातले मोठे आजार.
- कर्ज, कुणाला राहिलेला जामीन, दिलेले उसने पैसे.

ही वही एकट्याने लिहू नका. मी पाहिलेल्या बहुतेक घरांत सगळे व्यवहार एकाच माणसाला माहीत असतात आणि नेमका तोच आधी आजारी पडतो.

सावधान: या दोन-तीन महिन्यांत बँकेतून, विमा एजंटकडून, नातेवाइकांकडून सल्ले येतील. ‘ही स्कीम या महिनाअखेर बंद होतेय’ असं सांगून कुणी सही मागत असेल, तर त्या कागदावर सही करू नका.

## टप्पा १: किती वर्षांचा हिशेब, ते आधी ठरवा

सगळ्यात मोठी चूक इथे होते, आणि पुढचे सगळे आकडे त्या चुकीवरच उभे राहतात.

भारतातलं सरासरी आयुर्मान सत्तरच्या आसपास, हा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो. पण तो जन्मावेळचा आकडा आहे. त्यात बालपणी आणि तरुणपणी गेलेल्यांचीही गणती असते. जो माणूस साठीपर्यंत पोचला, त्याला तिथून पुढे सरासरी आणखी १८ वर्षांच्या आसपास आयुष्य असतं, बायकांना पुरुषांपेक्षा थोडं जास्त. शिवाय सरासरी म्हणजे अनेकजण त्याच्याही पुढे जगणार. शहरात राहणारा, वेळच्या वेळी उपचार घेणारा, हाताशी पैसा असलेला माणूस तर नक्कीच त्या बाजूला धरायचा. आयुर्विमा कंपन्या पेन्शन योजना घेणाऱ्यांसाठी आयुर्मानाचा वेगळा तक्ता वापरतात, कारण ही माणसं इतरांपेक्षा जास्त जगतात हे त्यांना अनुभवाने ठाऊक आहे.

म्हणून नियम असा: दोघांपैकी जो वयाने लहान आहे, तो किमान ९० वर्षांचा होईपर्यंत हिशेब धरा. घरात कुणी नव्वदी पार केली असेल तर ९५ धरा.

आपल्या उदाहरणात नवरा ६० चा आहे म्हणून ३० वर्षं धरली तर चुकलं. बायको ५५ ची आहे, तिच्या नव्वदीपर्यंत ३५ वर्षं होतात. शेवटची काही वर्षं ती बहुधा एकटी असेल, तेव्हा ईपीएसची पेन्शन साधारण निम्मी झालेली असेल आणि दवाखान्यात सोबत न्यायला नवरा नसेल. आपल्याकडच्या निवृत्ती नियोजनात सगळ्यात कमी विचार जिचा होतो, ती ही बाई. आणि पैसे संपले तर ते तिच्याच वाट्याच्या वर्षांत संपतात.

तपासा: वहीच्या पहिल्या पानावर एकच ओळ लिहा, ‘हा पैसा सन अमुकपर्यंत पुरवायचा आहे’. आपल्या जोडप्यासाठी आजपासून ३५ वर्षं. पुढचा प्रत्येक निर्णय या ओळीशी ताडून पाहायचा.

## टप्पा २: खर्च तीन भागांत मांडा

‘महिन्याला चाळीस-पंचेचाळीस लागतात’ असं मोघम धरून चालत नाही. तीन रकाने करा.

घरखर्च. किराणा, वीज, सोसायटी, मोलकरीण, प्रवास, सणवार, लग्नकार्याचे आहेर. साठ ते पंचाहत्तर या वर्षांत फिरणं, यात्रा, मुलांकडे परदेशी जाणं यांमुळे हा खर्च वाढतो. पुढे कमी होतो.

औषधपाणी. गोळ्या, तपासण्या, डॉक्टरांची फी, दात, डोळे, श्रवणयंत्र. यातला बहुतेक खर्च आरोग्य विम्यात बसत नाही, कारण विमा मुख्यतः ॲडमिट झाल्यावरचा. हा रकाना दर वर्षी भरतच जातो. डॉक्टरांशी बोलून जनौषधी केंद्रातून जेनेरिक औषधं घेतली तर बरीच बचत होते, आणि ती दर महिन्याची बचत आहे.

सांभाळणूक. हा रकाना जवळपास कुणीच लिहीत नाही. खुब्याचं हाड मोडल्यानंतरचे तीन महिने, पक्षाघातानंतरची दोन वर्षं, स्मृतिभ्रंशाची सात-आठ वर्षं. या काळात दिवसपाळी-रात्रपाळीच्या मावशी, फिजिओथेरपी, डायपर, हॉस्पिटलचा पलंग हा सगळा खर्च खिशातून. आपल्या गावातल्या, घरी शुश्रूषेला माणसं पुरवणाऱ्या दोन ब्युरोंना फोन करून चोवीस तासांच्या माणसाचा आजचा दर विचारा आणि तो वहीत लिहा. दोघांत मिळून निदान दोन वर्षं तरी अशी लागतील असं धरा.

केंद्र सरकार आपल्या पेन्शनरांना ८० व्या वर्षापासून मूळ पेन्शनच्या २० टक्के जादा देतं, ८५ ला ३० टक्के, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि वयाच्या शंभरीला १०० टक्के. म्हणजे ऐंशीनंतर गरज वाढते हे सरकारी नियमातच धरलेलं आहे. खासगी नोकरीतून निवृत्त झालेल्याला ही वाढ स्वतःच्या पैशांतून उभी करावी लागते.

आता महागाई. ६ टक्के धरली तर खर्च साधारण १२ वर्षांत दुप्पट होतो. आपल्या जोडप्याचे आजचे ४५,००० रुपये १२ वर्षांनी ९०,००० होतील, २४ वर्षांनी १ लाख ८० हजार. त्या वेळी बायको ७९ वर्षांची असेल. दवाखान्याचा खर्च साध्या महागाईपेक्षा वेगाने वाढतो. तो वर्षाला १० टक्क्यांनी वाढला तर सात वर्षांतच दुप्पट.

एकूण किती पैसे लागतील याचा ढोबळ आकडा काढायची सोपी रीत अशी: गुंतवणुकीवरचा परतावा फक्त महागाईइतकाच मिळाला असं धरा. मग लागणारी रक्कम म्हणजे आजचा वार्षिक खर्च गुणिले वर्षं. पेन्शन वजा जाता ३९,००० रुपये महिना, म्हणजे वर्षाला ४ लाख ६८ हजार. गुणिले ३५ केलं की सुमारे १ कोटी ६४ लाख. महागाईच्या वर दीड टक्का परतावा मिळवता आला तर हाच आकडा सुमारे १ कोटी २७ लाखांवर येतो. ईपीएसची पेन्शन महागाईबरोबर वाढत नाही, म्हणून या आकड्यावर थोडं जादाच हवं.

हातात १ कोटी २० लाख आहेत. म्हणजे थोडं कमी पडतंय. ही तूट साठाव्या वर्षी कळली तर उपाय आहे: दोन-तीन वर्षं अर्धवेळ काम, पडून असलेला प्लॉट विकणं, मुलाला द्यायची रक्कम कमी करणं. तीच तूट अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कळली तर मुलांपुढे हात पसरण्यावाचून फारसं काही उरत नाही.

## टप्पा ३: गुंतवणुकीच्या आधी आरोग्य कवच

हा टप्पा चौथ्या-पाचव्याच्या आधी येतो, कारण दवाखान्याचं एक बिल खालचा सगळा हिशेब मोडू शकतं.

कंपनीचा ग्रुप विमा नोकरीबरोबर संपतो. निवृत्तीच्या आधीच त्या विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदल करून मागा, म्हणजे आधी भोगलेला प्रतीक्षा काळ (पॉलिसी घेतल्यावर जुन्या आजारांचे दावे मिळत नाहीत तो काळ) वाया जात नाही. स्वतःची पॉलिसी असेल आणि ती दुसऱ्या कंपनीकडे न्यायची असेल, तर नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करावा लागतो.

नियम गेल्या काही वर्षांत ज्येष्ठांच्या बाजूने बदलले आहेत. नवीन पॉलिसी घेण्यासाठीची ६५ वर्षांची मर्यादा २०२४ मध्ये निघाली. आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांवर आला. सलग पाच वर्षं पॉलिसी चालू राहिली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. ज्येष्ठांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर विमा कंपनीला आधी विमा क्षेत्राच्या सरकारी नियामकाशी बोलावं लागतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही.

तरीही पॉलिसी आतून वाचल्याशिवाय घेऊ नका. रकमेपेक्षा अटी महत्त्वाच्या कशा, ते एका बिलावर पाहा.

पाच लाखांची पॉलिसी. खोलीचं भाडं विम्याच्या १ टक्का, म्हणजे रोज ५,००० रुपयांपर्यंत. सोबत २० टक्के को-पेमेंट, म्हणजे मान्य झालेल्या रकमेतला आपण भरायचा वाटा. रुग्णाला १०,००० रुपयांच्या खोलीत ठेवलं, पाच दिवस. बिल चार लाख: खोलीचे ५० हजार, डॉक्टर-ऑपरेशन थिएटर-नर्सिंगचे २ लाख ४० हजार, औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांचे १ लाख १० हजार. खोली मर्यादेच्या दुप्पट दराची घेतली म्हणून खोलीचे निम्मेच, २५ हजार, मान्य होतात. पण त्याच प्रमाणात डॉक्टर आणि थिएटरचे पैसेही निम्म्यावर येतात, १ लाख २० हजार. औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांना ही कपात लागत नाही. मान्य रक्कम झाली २ लाख ५५ हजार. त्यातून २० टक्के को-पेमेंट गेलं, कंपनी देणार २ लाख ४ हजार. चार लाखांच्या बिलात पाच लाखांचा विमा असूनही १ लाख ९६ हजार खिशातून.

म्हणून पॉलिसी घेताना या क्रमाने विचारा:

1. खोलीच्या भाड्याला मर्यादा आहे का?
2. को-पेमेंट किती, आणि ते कोणत्या वयापासून लागू होतं?
3. मोतीबिंदू, गुडघे, हर्निया यांना वेगळी मर्यादा किंवा वेगळा प्रतीक्षा काळ आहे का?
4. शहरांच्या गटानुसार हप्ता आहे का? साताऱ्याच्या किंवा लातूरच्या पत्त्यावर स्वस्तात घेतलेली पॉलिसी पुण्या-मुंबईच्या हॉस्पिटलात काही कंपन्यांकडे जादा को-पेमेंट लावते. आपल्याकडची मोठी ऑपरेशनं कुठे होतात हे सगळ्यांना माहीत आहे.
5. हप्ता सत्तरीला आणि ऐंशीला आजच्या दराने किती? कंपनीचा वयानुसारचा तक्ता मागून घ्या.

जास्त कवच स्वस्तात हवं असेल तर मूळ पॉलिसीच्या वर सुपर टॉप-अप घ्या, म्हणजे ठरलेल्या मर्यादेच्या वरचं बिल भरणारी जोड पॉलिसी. साधा टॉप-अप एका वेळच्या बिलाने ठरलेली मर्यादा ओलांडली तरच चालतो. सुपर टॉप-अपमध्ये वर्षभरातल्या सगळ्या बिलांची बेरीज धरतात. म्हातारपणी एका वर्षात तीनदा ॲडमिट व्हायची वेळ येते, तिथे हा फरक फार मोठा.

सावधान: साखर, रक्तदाब, जुनं ऑपरेशन, थायरॉइड, काहीही लपवू नका. ‘लिहिलं तर हप्ता वाढेल’ असं एजंट म्हणाला तरी फॉर्म स्वतः वाचून सही करा. दावा नाकारला जातो तेव्हा तो एजंट सोबत उभा राहत नाही.

सत्तरी पूर्ण झाली की उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतचं वय वंदना कार्ड मिळतं. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार, यादीतल्या हॉस्पिटलात. पती-पत्नी दोघे सत्तरीपुढचे असतील तर ते पाच लाख दोघांत मिळून. खासगी विमा असला तरी हे कार्ड काढता येतं. महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनाही आहे. दोन्ही कार्डं तब्येत ठणठणीत असताना काढून ठेवा. आधारवरचं नाव, जन्मतारीख आणि मोबाइल नंबर जुळत नसेल तर ते दुरुस्त करायला वेळ लागतो आणि आयसीयूच्या दारात तो वेळ नसतो.

तपासा: कवच झाल्यावरही १० लाख रुपये आरोग्यासाठी वेगळे ठेवा. को-पेमेंट, विम्यात न बसणाऱ्या वस्तू, घरची शुश्रूषा यासाठी. ही रक्कम पुढच्या कुठल्याही टप्प्यात धरायची नाही.

## टप्पा ४: पैशांचे तीन डबे

उरले १ कोटी १० लाख. ते कधी लागणार त्यानुसार वाटायचे.

पहिला डबा: पुढची तीन वर्षं, १४ लाख. बचत खातं आणि छोट्या-छोट्या मुदतीच्या एफडी. एकच मोठी एफडी करू नका. दोन-दोन लाखांच्या केल्या तर गरजेला एकच मोडावी लागते.

दुसरा डबा: नियमित उत्पन्न, ५६ लाख. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका माणसाला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. एप्रिल २०२३ मध्ये या योजनेचा दर ८.२ टक्के झाला. दर तिमाहीला सरकार आढावा घेतं, पण तुम्ही खातं उघडलं त्या दिवशीचा दर पाच वर्षं कायम राहतो. या दराने ३० लाखांवर दर तीन महिन्यांना ६१,५०० रुपये येतात. खात्यात बायकोचं नाव जोडा. नवरा गेला तर ती ते मुदतीपर्यंत चालू ठेवू शकते. उरलेले २६ लाख रिझर्व्ह बँकेचे बदलत्या दराचे रोखे, पोस्टाची मासिक प्राप्ती योजना आणि चांगल्या बँकांच्या ठेवी यांत. हे रोखे सात वर्षांचे असतात, व्याज १ जानेवारी आणि १ जुलैला मिळतं आणि दर राष्ट्रीय बचत पत्राच्या दरापेक्षा ०.३५ टक्का जास्त असतो.

इथेच एक फसवा दिलासा मिळतो. ५६ लाखांवर आठ टक्क्यांच्या आसपास व्याज म्हणजे वर्षाला साडेचार लाख, आणि खर्च ४ लाख ६८ हजार. ‘चला, व्याजात भागतंय, मुद्दलाला हात लावायला नको’ असं वाटतं आणि पुढचा विचार थांबतो. व्याज मात्र तेवढंच राहतं आणि खर्च बारा वर्षांत दुप्पट होतो. सत्तरीनंतर मुद्दल मोडायला सुरुवात होते, आणि एकदा ते मोडू लागलं की फार लवकर संपतं. म्हणून तिसरा डबा.

तिसरा डबा: दहा वर्षांपुढचे पैसे, ४० लाख. इंडेक्स फंड (शेअर निर्देशांकाप्रमाणे चालणारे), हायब्रिड फंड (शेअर आणि रोखे मिळून) असे समभागांत पैसा असलेले साधे दोन-तीन फंड. ‘या वयात शेअर बाजार?’ हा प्रश्न येतोच. हे पैसे सत्तरीनंतर लागणार आहेत आणि त्यातले बरेचसे बायकोच्या ऐंशीनंतर. पंचवीस वर्षं हाताशी असताना सगळा पैसा एफडीत ठेवण्यातही जोखीम आहे, फक्त ती सावकाश दिसते. या डब्यात पैसे एकदम टाकू नका, दीड-दोन वर्षांत हप्त्याहप्त्याने टाका. २००८ च्या जानेवारीत सेन्सेक्स २१ हजारांजवळ होता, वर्ष संपायच्या आत तो दहा हजारांखाली गेला. निवृत्तीच्या पहिल्या वर्षात अशी घसरण आली आणि त्याच डब्यातून घरखर्च काढावा लागला, तर ते नुकसान भरून येत नाही. पहिल्या डब्यातले तीन वर्षांचे पैसे त्यासाठीच आहेत. बाजार पडलेला असेल तेव्हा तिसऱ्याला हात लावायचा नाही, चांगला असेल तेव्हा त्यातून काढून पहिला भरायचा.

एकरकमी पैसे घेऊन आजन्म पेन्शन देणाऱ्या ॲन्युइटी योजना या वाढलेल्या आयुष्याला खरं तर चांगलं उत्तर आहेत. माणूस शंभरीपर्यंत जगला तरी पैसे येत राहतात. पण साठीला सगळे पैसे त्यात घालू नका. वय जितकं जास्त तितका दर जास्त मिळतो, म्हणून एक भाग सत्तरी-पंचाहत्तरीला घ्या. घेताना जोडीदारालाही आजन्म मिळेल असाच पर्याय निवडा. खरेदी रक्कम वारसांना परत मिळण्याच्या पर्यायात पेन्शन कमी मिळते, आणि कित्येक घरांत आई-वडील मुलांसाठी ती रक्कम राखायला स्वतःचं पोट मारतात. अशा वेळी मुलांनीच पुढे होऊन ‘आम्हाला नको’ म्हणायला हवं.

सावधान: एका बँकेत एका माणसाच्या ठेवींना मुद्दल आणि व्याज धरून पाच लाखांपर्यंतच विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवींना हे संरक्षण नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब ॲंड महाराष्ट्र को-ऑप. बँकेवर निर्बंध आले तेव्हा मुंबईतल्या कितीतरी ज्येष्ठांची आयुष्यभराची पुंजी अडकली होती. एक टक्का जास्त व्याजासाठी सगळं एका जागी ठेवू नका, संचालक ओळखीचे असले तरीही.

## टप्पा ५: राहतं घर शेवटपर्यंत आपल्या नावावर

महाराष्ट्रात मुलांना राहतं घर बक्षीसपत्राने द्यायला मुद्रांक शुल्क फार कमी लागतं, त्यामुळे ‘आत्ताच करून टाकू, नंतर त्रास नको’ असा विचार पुष्कळ लोक करतात. तो करू नका. घर मृत्युपत्राने द्या. मृत्युपत्र हवं तेव्हा बदलता येतं, नोंदवलेलं बक्षीसपत्र सहजी फिरवता येत नाही.

द्यायचंच ठरलं असेल तर ‘देणाऱ्यांचा शेवटपर्यंत सांभाळ करणं बंधनकारक’ ही अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहून घ्या. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा, २००७ च्या कलम २३ खाली ती अट मोडली तर न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. प्रेमात अट कसली घालायची, असं वाटेल. मुलगा चांगला असतो, पण मुलाची नोकरी जाऊ शकते, धंदा बुडू शकतो, मुलगा आधी जाऊ शकतो.

पैसे कमी पडले तर याच घरावर रिव्हर्स मॉर्गेज घेता येतं. साठीपुढच्यांना बँक घराच्या तारणावर नियमित रक्कम देते आणि हयातीत घर सोडावं लागत नाही. हा पर्याय घर तुमच्या नावावर असेल तरच उरतो.

## टप्पा ६: सह्या करता येत आहेत तोवर कागद

लांबलेल्या आयुष्यात शरीर चालतं पण व्यवहाराचं भान जातं, अशी वर्षं येऊ शकतात. त्या वर्षांची सोय कुणी करून ठेवत नाही.

एक गैरसमज आधी दूर करू. कुलमुखत्यारपत्र केलं म्हणजे झालं, असं लोकांना वाटतं. देणाऱ्याचं मानसिक भान गेलं की साधं कुलमुखत्यारपत्र कायद्याने संपतं, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी निरुपयोगी. मग पालक नेमून घ्यायला कोर्टात, बहुधा हायकोर्टात जावं लागतं. ते टाळायचं तर एकट्याच्या नावावर काहीच ठेवायचं नाही.

- प्रत्येक खातं आणि ठेव दोघांच्या नावे, ‘दोघांपैकी कुणीही किंवा हयात असलेला’ या पद्धतीने. ‘पहिला किंवा हयात असलेला’ अशी पद्धत असेल तर पहिल्याच्या हयातीत दुसऱ्याला पैसे काढता येत नाहीत. पासबुकावर कोणती पद्धत लिहिली आहे ते आज उघडून पाहा.
- मुदत ठेवींसाठी, एक गेल्यास दुसऱ्याला मुदतीआधी ठेव मोडता येईल, असं संमतिपत्र बँकेत आधीच द्या. ते नसेल तर बँक वारसांच्या सह्या मागते.
- नॉमिनी सगळीकडे नोंदवा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी देता येतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पैसे त्याच्या हाती येतात, हक्क वारसांचा. त्यामुळे मृत्युपत्र वेगळं हवंच. दोन साक्षीदार, शक्यतो तुमच्यापेक्षा वयाने लहान आणि मृत्युपत्रात ज्यांना काही मिळत नाही असे. नोंदणी सक्तीची नाही, पण करा.
- फोन. सगळे ओटीपी नवऱ्याच्या फोनवर येतात, फोन कुलूपबंद आणि नवरा आयसीयूत. निदान एक खातं बायकोच्या स्वतःच्या नंबरशी जोडलेलं असावं आणि त्यात तीन महिन्यांचा खर्च असावा.
- उपचारांबाबतचं इच्छापत्र. बरं होण्याची आशा नसताना व्हेंटिलेटरवर ठेवायचं का, हा निर्णय मुलांवर टाकायचा नसेल तर लिहून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन पुरतं. पैशांच्या लेखात हा मुद्दा येतो, कारण आयसीयूतले शेवटचे कित्येक दिवस मागे राहणाऱ्या जोडीदाराची पुंजी खातात आणि ‘थांबा’ म्हणायचं धैर्य कुणाला होत नाही.

तपासा: बायकोला एकटीने बँकेत पाठवा. पैसे काढणं, एफडीचं नूतनीकरण, पासबुक भरून आणणं. जिथे अडेल, तो कागद अपुरा आहे.

## टप्पा ७: दर वर्षी एकदा, आणि ठरावीक वयांना

पेन्शनरांना वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावाच लागतो, बहुतेकजण तो नोव्हेंबरात देतात. त्याच आठवड्यात वही काढा. वर्षभराचा खरा खर्च लिहा, पहिला डबा भरा, आरोग्य विम्याच्या नूतनीकरणाची तारीख पाहा. हप्ता भरायला सवलतीचे दिवस मिळतात, पण त्या दिवसांत आजार उद्भवला तर वाद होतो, म्हणून तारखेच्या आठवडाभर आधीच भरा.

६५ व्या वर्षी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची पहिली मुदत संपते. ती आपोआप वाढत नाही, अर्ज करून तीन वर्षांनी वाढवावी लागते. तोपर्यंत बायको साठीची झालेली असेल, तिच्या नावाने वेगळं खातं उघडता येईल.

७० व्या वर्षी वय वंदना कार्ड. ॲन्युइटीचा एक भाग घ्यायचा का, हे ठरवा. तिसऱ्या डब्यातून दुसऱ्यात पैसे आणायला सुरुवात.

७५ व्या वर्षी गुंतवणुकीची संख्या कमी करा. दोन बँका, एक पोस्ट, दोन फंड एवढंच. मुला-मुलीपैकी एकाला वही दाखवा. दुसऱ्यालाही कळवा की ती कुणाला दाखवली आहे.

८० व्या वर्षी रोजच्या व्यवहारांसाठी एक लहान खातं ठेवा. त्यात महिन्याचाच खर्च, यूपीआय फक्त त्याच खात्याला, मोठ्या ठेवींच्या खात्याला नेट बँकिंग नाही. ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली फोनवर धमकावून ज्येष्ठांच्या ठेवी मोडायला लावल्या जातात. पोलीस, सीबीआय, कोर्ट कुणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही, हे वाक्य कागदावर लिहून टेलिफोनजवळ चिकटवा. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन १४५६७ आहे, तीही त्याच कागदावर मोठ्या अक्षरांत.